पानावरचं मौन

आमच्या केंद्रात एक हातपंप होता, त्याला पाणी नव्हतं. बोरिवलीला डोंगराच्या अंगाला पत्र्याच्या शेड, मध्ये अंगण आणि अंगणात तो पंप. मुलांनी तो खोलायचा, वॉशर बदलायचे, पुन्हा जोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत खोलायचा. नवीन आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात दांडा मारून बघायचाच, मग बाकीचे हसायचे, "काय रे, तहान लागली?"

डिप्लोमा झालेली, बीएस्सी झालेली मुलंमुली वर्षभर आमच्याकडे शिकत. त्यांतली काही पुढे टांझानिया, झांबिया, नेपाळ अशा देशांत दोन-दोन वर्षांसाठी जात. खेड्यांत पंप बसवायला, पाणी तपासायला, धान्य नि मासळी वाळवायला. खर्च एक परदेशी संस्था करी. आमच्या संचालकांनी नावं सुचवायची आणि संस्थेच्या समितीनं निवडायची, अशी पद्धत. मी तिथं शिकवत असे. मुलांना एकच गोष्ट घोकून घोकून सांगे: यंत्र उभं करून, त्याच्याशेजारी फोटो काढून परत येणं सोपं आहे. तुम्ही परतल्यावर ते गावातल्या बाईच्या हातात चाललं पाहिजे. म्हणून प्रत्येकानं आधी महिनाभर कुणाच्या तरी घरी राहायचं, त्यांच्यासारखं राबायचं, आणि मगच कागदावर रेघ ओढायची.

प्रेमा माझी विद्यार्थिनी. मनोरीच्या कोळीवाड्यातली. वडील नव्हते, आई सरूबाई मासळीच्या धंद्यात. त्र्याऐंशीच्या तुकडीत प्रेमा होती. तिला महिनाभर कुठं जाऊन राहायची गरज नव्हती, उलट तीच बाकीच्यांना आपल्या घरी घेऊन गेली. प्लास्टिकच्या कापडाचा तंबू, आत जमिनीवर काळं कापड. ऊन आत कोंडायचं आणि मासळी रेतीत न टाकता, माशा न बसता वाळवायची, असं एक तंत्र तेव्हा नवीन होतं. पुस्तकातला तो तंबू प्रेमानं मनोरीच्या किनाऱ्यावर उभा केला. आतली हवा कोंदली, मासळी वाळायच्या ऐवजी शिजली. तिनं झरोके बदलले, जागा बदलली, आई आणि मावश्या शिव्या देत होत्या त्या ऐकून घेतल्या, आणि शेवटी त्याच मावश्या तंबूत जागा मिळावी म्हणून आपसांत भांडू लागल्या. टांझानियात एका सरोवराकाठच्या गावासाठी संस्थेला नेमकं असंच माणूस हवं होतं. प्रेमा जाणार हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो.

गेला नरोत्तम.

नरोत्तम मोठ्या विश्वस्तांचा मुलगा. मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्या घरात कांदासुद्धा शिजत नसे. तुकडी मनोरीला गेली तेव्हा तो खाडीच्या अलीकडे, मार्व्याच्या जेटीवरच थांबला होता, पुढे वास येतो म्हणून. अशा मुलाला मासळी वाळवायला पाठवायचं हे फक्त आमच्या केंद्रालाच सुचू शकतं.

"प्रेमाचं काय झालं?" मी संचालकांना विचारलं. चंद्रप्रकाश सबनीस त्यांचं नाव. नेहमी पांढरा सफारी, बोलणं गोड.

"काय करणार बाई, आई नको म्हणते. समुद्रापलीकडे पोरीला धाडणार नाही म्हणाली. या लोकांना कितीही शिकवा." त्यांनी हात झटकले. "मी समितीला तसं सांगितलंय."

मला सरूबाईंचा राग आला. दिवाळी झाली तशी मी संचालकांना सांगूनच मनोरीला गेले, त्यांना चार शब्द सुनवायला. सरूबाई ओट्यावर फाटलेलं जाळं तुणत बसल्या होत्या.

"सरूबाई, असं कसं केलंत हो?" मी म्हटलं. "सोन्यासारखी पोर. लोक तडफडतात अशा संधीला, आणि तुम्ही नको म्हणालात?"

त्यांचा हात थांबला. "कोन बोल्ला?"

"सबनीससाहेब."

"मी नको बोल्ले?" त्या उठल्या, मला हाताला धरून आत नेलं आणि माळ्याकडे बोट केलं. निळी नवीकोरी सुटकेस. मुठीला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. "मालाडशी आनली. मी नको बोल्ले तं ही काय माज्या मयताला आनली?"

आतून प्रेमा आली. "आये, ओरडू नको ना." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, मला साहेबांनी वेगळं सांगितलं. समितीला मी चालत नाही म्हणाले. परदेशी लोकांच्या बैठकीत बसायचं, आणि माझ्या कपड्यांना मासळीचा वास येतो, असं समितीनं म्हटलं म्हणे." ती जरा हसली. "मी साबण बदलून बघितला, बाई."

एका खोट्यानं समितीला गप्प केलं होतं, दुसऱ्यानं या मुलीला. आणि मधल्या मध्ये मी, त्या आईच्या ओट्यावर चढून तिलाच बोल लावत होते. तेही सबनीससाहेबांच्याच शब्दांवर विसंबून.

दुसऱ्या दिवशी मी सबनीससाहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तुमची व्रतवैकल्यं सांभाळा. निवड मी सांभाळतो."

पुढे कळलं, मोठ्या विश्वस्तांनी त्यांची शिफारस केली होती. संस्थेच्या नैरोबीच्या कचेरीत विभागप्रमुखाची जागा निघणार होती, ती सबनीसांना हवी होती. मुलाला टांझानिया, साहेबांना नैरोबी. प्रेमा कोलंबी सोलायच्या कारखान्यात जाऊ लागली.

दत्ताराम म्हणून एक विद्यार्थी होता, मूळचा मालवणकडचा, घाटकोपरच्या चाळीतला. वडील गिरणीतले, संपात घरी बसलेले ते बसलेच. त्याला कुठूनतरी हे सगळं समजलं. तो म्हणाला, "बाई, समितीला सरळ पत्र टाका ना."

"टाकीन," मी म्हटलं. टाकलं नाही. पत्र गेलं असतं, चौकशी झाली असती, साहेबांनी दोन गोड वाक्यं लिहून ती मिटवली असती, आणि मी कुरकुरणारी बाई ठरले असते. मला न्याय असा कागदावरून यायला नको होता. त्या माणसानं चार लोकांत, स्वतःच्या पायानं चालत जाऊन खड्ड्यात पडायला हवं होतं. आषाढी एकादशीला देवापुढं बसले तेव्हा हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. लोक बुद्धी मागतात, शांती मागतात. देवाशी तरी खोटं का बोलायचं? मला सूड हवा होता, मी सूड मागितला. वरती तुळशीपत्र वाहिलं.

त्याच दिवसापासून माझं जेवणातलं मौन सुरू झालं. दरवर्षीच्या चातुर्मासात असतं, आईकडून आलेला नेम आहे. पानावर बसल्यापासून आचवेपर्यंत बोलायचं नाही. हुंकार नाही, खूण नाही, मान हलवणं नाही. वाढणारीला पुरे सांगायचं तर पानावर हात आडवा धरायचा, तेवढी एक सवलत. पानावरून मध्येच उठायचंही नाही. केंद्रात सगळ्यांना हे माहीत होतं. मुलं थट्टाही करत. मी जेवायला बसले की कोणीतरी मोठ्यानं विचारायचंच, "बाई, उद्याच्या परीक्षेत सगळ्यांना पास करणार ना? गप्प आहात म्हणजे हो!" आणि स्वयंपाकाची मालन त्यांना झारा दाखवायची.

माहीत नव्हतं ते फक्त सबनीससाहेबांना. ते आमच्यात कधी जेवलेच नाहीत. घरचा डबा, केबिनचं दार लावून. माझे उपास त्यांना ठाऊक होते, कारण उपासाच्या दिवशी मी लवकर घरी जाते का, याच्याशी त्यांचा संबंध होता. मी जेवते कशी, याच्याशी नव्हता.

श्रावणात समितीच्या मिसेस होल्म यायच्या होत्या. उंच, पिकल्या केसांच्या, पायात पुरुषी बूट. त्या वर्षीच्या मुलांची निवड त्या करणार होत्या आणि नैरोबीच्या जागेसाठी सबनीसांना बघून जाणार होत्या. दुपारी त्यांना सांताक्रूझहून दिल्लीचं विमान होतं. साहेबांनी कार्यक्रम आखला: आधी मुलांची प्रात्यक्षिकं, मग हॉलमध्ये प्रश्नोत्तरं, मग जेवण.

"प्रश्नोत्तरांना तुम्ही माझ्या शेजारी," ते मला म्हणाले. "तांत्रिक काही आलं की मी तुमच्याकडे वळेन. नेहमीसारखं."

"बरं," मी म्हटलं. नेहमी तसंच होई. ते सुरुवात करत, मी पुरं करी, आणि लोक जाताना त्यांचा हात हलवून जात. "जेवण मात्र पंगतीचं ठेवू या का? खाली बसून, केळीच्या पानावर. पाहुण्यांना आवडतं."

"झकास," साहेब म्हणाले. "तुम्हीच बघा."

मी बघितलं. मालनला वरणभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी आणि नारळीभात सांगितला. मग मुलांकडे गेले. "उद्या घाई करायची नाही," मी म्हटलं. "पंप प्रत्येकानं खोलायचा, प्रत्येकानं जोडायचा. दत्ताराम, तू वॉशर एकेक करून होल्मबाईंच्या हातात दे. त्यांना समजू दे."

"बाई, प्रत्येकानं? मग एक वाजेल."

"वाजू दे."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. मिसेस होल्म पंपाशी मांडी घालून बसल्या, हात ग्रीसनं काळे केले, मुलांना प्रश्नावर प्रश्न विचारत राहिल्या. साहेब घड्याळ बघत सावलीत उभे. प्रात्यक्षिकं संपली तेव्हा हॉलमध्ये बसायला वेळच उरला नव्हता. मिसेस होल्म स्वतःच म्हणाल्या, "आपण जेवतानाच बोलू."

"अवश्य," साहेब म्हणाले, आणि पंगतीत त्यांनी स्वतः मला जागा दाखवली. एका बाजूला मिसेस होल्म, मध्ये साहेब, दुसऱ्या बाजूला मी. समोरच्या रांगेत मोठे विश्वस्त, मग मुलं. दत्ताराम आणि मालन वाढायला.

मी पानाभोवती पाणी फिरवलं आणि तोंड मिटलं.

मिसेस होल्मनी आधी भाताचं कौतुक केलं. हातानं जेवायचं कसं ते समोरच्या मुलीकडे बघून शिकल्या. मग म्हणाल्या, "मिस्टर सबनीस, मी मागच्या महिन्यात त्या सरोवराकाठी जाऊन आले. तुमच्या तंबूत मासळी कुजते. पहिल्या आठवड्यातच किडे पडले. असं का झालं?"

साहेबांनी मान डोलावली, जणू प्रश्न त्यांना आवडला. "फार चांगला मुद्दा. यावर आमच्या मॅडम सांगतील, हा त्यांचाच विषय," म्हणत ते माझ्याकडे वळले.

मी वरणभात कालवला.

सगळे वाट बघत होते. मी घास घेतला. साहेब हसले. "लाजतात जरा." मग खालच्या आवाजात मराठीत, "बाई, बोला ना."

मी अळू घेतलं. समोर दोन मुली एकमेकींकडे बघून पटकन पानात वाकल्या.

"हवामानाचा प्रश्न असावा," साहेबांनी शेवटी स्वतःच सांगितलं.

"तेव्हा तिथं कोरडा मोसम होता."

"मग प्लास्टिक. तिकडचं प्लास्टिक निकृष्ट असतं."

"प्लास्टिक तुम्हीच इथून पाठवलं होतं." मिसेस होल्म चिडलेल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं, आणि तेच साहेबांना जड जात होतं. "मी नरोत्तमला विचारलं, झरोके बंद का केलेस? तो म्हणाला, वास बाहेर येतो म्हणून. तो तंबूपासून लांब, नाकाला रुमाल लावून उभा असतो. मासळीला हात लावत नाही. घरून तशी सक्त ताकीद आहे म्हणाला. मिस्टर सबनीस, मासळी वाळवण्याच्या कामाला तुम्ही हा मुलगा का सुचवला?"

मोठ्या विश्वस्तांचा घास हातातच राहिला. त्यांनी साहेबांकडे असं पाहिलं की, माझं नाव मध्ये आणलंस तर बघ.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. "तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे एक मुलगी होती, पण मी कळवलं होतं आपल्याला. तिच्या आईनं नकार दिला."

"हो. तो तंबू तिनंच केला होता ना? मला तेव्हाही वाईट वाटलं. आईनं खरंच नकार दिला?"

इथं साहेब थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण त्यांना साक्षीदार हवा होता, आणि साक्षीदार शेजारीच जेवत होता. चार लोकांत मी त्यांना खोटं पाडणार नाही, हे त्यांनी धरलंच होतं. "मॅडमनाच विचारा," ते मोठ्यानं म्हणाले. "मॅडम स्वतः मनोरीला गेल्या होत्या, आईची समजूत घालायला. काय मॅडम? आई नकोच म्हणाली ना?"

मिसेस होल्म पुढे वाकल्या. मीही त्यांच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं. नजर हलवली नाही. आणि बटाट्याची भाजी खाल्ली.

पंगतीत एवढी मुलं बसलेली, सगळ्यांना माझं मौन ठाऊक. एकानं नुसतं म्हणायचं होतं, साहेब, बाई चातुर्मासात जेवताना बोलत नाहीत. सगळे हसले असते, मिसेस होल्मसुद्धा, आणि साहेबांची मान सुटली असती. एक वाक्य. ते कोणी बोललं नाही. वर्षभर त्यांनी ज्यांना नावानिशी कधी हाक मारली नव्हती, त्या मुलांनी त्यांच्यावर एक वाक्य खर्च केलं नाही.

दत्तारामनं मात्र तोंड उघडलं होतं. त्याचा जीव टांगणीला होता, त्याची स्वतःची निवड याच जेवणावर ठरायची होती. "साहेब, बाई ना..."

मालननं त्याच्या हातात ताकाचं भांडं ठेवलं. "तिकडं वाढ जा. त्या टोकाला."

साहेब माझ्या कानाशी आले. "बाई, पाया पडतो. एक हो म्हणा. बोलू नका हवं तर, नुसती मान हलवा."

मालन नारळीभात घेऊन आली. माझं पोट भरलं होतं. एरवी मी हात आडवा धरला असता, पान पुसलं असतं, उठून आचवले असते, आणि उठल्यावर मला बोलणं भाग पडलं असतं. मी हात मांडीवर ठेवला. मालननं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं वाढला, दोन झारे. त्यावर तूप.

तो भात मी सावकाश खाल्ला. एकेक शीत. लवंग बाजूला काढली. साहेब बोलत होते. मिसेस होल्मना काहीतरी सांगत होते, मग आधीच्या सांगण्याच्या उलट काहीतरी सांगत होते. मुलगी स्वतःच तयार नव्हती, मग मुलीची तब्येत, मग समितीच्या मागच्या नियमांचा काहीतरी घोळ. मध्ये मध्ये ते माझ्याकडे बघत आणि प्रत्येक वेळी मिसेस होल्मही बघत. मी खोटं म्हणत नव्हते, खरंही म्हणत नव्हते. पण शेजारच्या माणसाच्या बोलण्याला जी बाई मानसुद्धा हलवत नाही, ती काय सांगते आहे हे कळायला भाषा लागत नाही.

मालन पुन्हा आली. मी तेव्हाही हात धरला नाही.

शेवटी पंगत उठली. नळावर मी हात धुतले, चूळ भरली, पदराला हात पुसले. मिसेस होल्म मागे उभ्या होत्या.

"तुम्ही उत्तर का दिलं नाही?"

"या महिन्यांत मी जेवताना बोलत नाही," मी सांगितलं. "आमच्याकडे तसा नेम असतो."

"आणि आता?"

"आता जेवण झालं. आईनं नकार दिला नव्हता. तिनं मुलीसाठी सुटकेस आणून ठेवली होती. आणि मुलीला सांगितलं गेलं, की तिला मासळीचा वास येतो असं तुमच्या समितीचं म्हणणं आहे."

त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. साहेब मागून येत होते, तोंडावर हसू, हातात टॉवेल. मिसेस होल्मनी टॉवेल घेतला नाही. गाडीत बसेपर्यंत त्या साहेबांशी एक शब्द बोलल्या नाहीत.

गाडी गेल्यावर साहेब माझ्यासमोर आले. "मला बुडवायचं व्रत घेतलं होतं का तुम्ही?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "गप्प बसायचं."

नैरोबी गेली. तशी तार आली. पाठोपाठ दुसरी गोष्ट आली, तिचा अंदाज मला होताच: त्या वर्षीची सगळी निवड थांबवली. सरोवराकाठचं काम नीट मार्गी लागेपर्यंत आमच्या केंद्रातून कोणी कुठं जाणार नाही. दत्तारामला नेपाळ मिळायचं होतं. तो शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, तुमच्या मौनात आमची पण वाट लागली."

"हो," मी म्हटलं. "लागली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पानावर बसायच्या आधीपासून."

त्याला वाटलं असावं, मी रडेन, माफी मागेन. मी त्याला पंप खोलायला सांगितलं. मग पाना उचलून त्यानं पहिला नट इतक्या जोरात आवळला की मला सांगावं लागलं, "खोलायचाय रे, आवळायचा नाही."

मोठ्या विश्वस्तांनी तोंड फिरवलं होतंच. नरोत्तम परत आला होता आणि संस्थेनं एकच मार्ग ठेवला होता: प्रेमा गेली तर काम सुरू, अनुदान सुरू, बाकीच्यांची निवडही सुरू. विश्वस्तांनी सबनीससाहेबांना बजावलं, त्या मुलीला आणा, नाहीतर खुर्ची खाली करा. साहेबांनी निरोप धाडला. प्रेमाचं उत्तर माझ्याजवळ आलं, तोंडीच. साहेबांनी मनोरीला यावं आणि आईसमोर सांगावं काय झालं ते. मगच ती विचार करील.

कार्तिकी एकादशी झाली होती. माझं मौन सुटलं होतं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही बरोबर चला. तुमचं ऐकतात ती माणसं."

"चला," मी म्हटलं.

मार्व्याहून बोटीत ते माझ्यासमोर बसले होते, पांढरे बूट पाण्यापासून उचलून धरून. निम्म्या वाटेत म्हणाले, "मी तुमचं कधी काय वाईट केलं, बाई? रजा अडवली? पगार अडवला?"

"माझं नाही," मी म्हटलं.

किनाऱ्यावर बोंबलांचे दिवस होते. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील जोडीजोडीनं लटकत होते, ओळीमागे ओळ, पार माडांपर्यंत. सरूबाई तिथंच होत्या, शेजारणी होत्या, प्रेमा होती. साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकापर्यंत नेला.

"साहेब," प्रेमा म्हणाली. एवढंच. रुमाल खाली आला.

ते सरूबाईंच्या जवळ गेले आणि खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटले.

"काय?" सरूबाई म्हणाल्या. "मना नाय आयकू आला. इथं वारा हाय, जोरान बोल."

"तुम्ही नकार दिला नव्हता. मी समितीला चुकीचं कळवलं."

"चुकीचं म्हंजे?"

"खोटं."

"आनि माजे पोरीला काय बोल्लास? कपऱ्यांना वास येतो?"

शेजारणींचे हात थांबले. एक म्हातारी दांड्यामागून पुढं आली, कमरेवर हात ठेवून. "कोन बोल्ला गो वास येतो? ह्यो? ए, मोठ्यांन बोल रं, आमाला पन आयकू दे!"

"समिती तसं काही म्हणाली नव्हती," साहेब म्हणाले. आवाज फाटला. "ते मीच म्हणालो."

"परत बोल."

ते परत बोलले. पोरं गोळा झाली. होडी रंगवणारे दोघे ब्रश खाली ठेवून आले. साहेबांच्या सफारीवर पाठीला घाम उमटला होता, आणि त्यावर माशा बसत होत्या. सरूबाईंनी त्यांना आणखी एकदा सगळं म्हणायला लावलं, पहिल्यापासून, नरोत्तमचं नाव घेऊन, नैरोबीचं नाव घेऊन. ते म्हणाले. शेवटी त्यांना रडूच फुटलं, मोठ्या माणसाला फुटतं तसं, नाकातून.

सरूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "पुरे गो," त्या प्रेमाला म्हणाल्या. "जाला त्याचा. जाऊ दे त्याला. तू जातंस ना तिकडं?"

"जाणार ना," प्रेमा म्हणाली. "पण वरच्या आळीतल्यांनी नाही ऐकलं अजून. वर्षभर तीच आळी मला विचारत होती, काय गो, वासाची म्हणून परत धाडली ना?"

"आता काय पुरा गाव फिरवनार त्याला? डोल्यांतलं पानी बघ त्याच्या." सरूबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी सांगा हिला. तुमचा आयकते."

प्रेमाही माझ्याकडे बघत होती. साहेबही. त्यांना वाटत होतं, मी आता थांबवीन. देवाधर्माची बाई, आवाज न चढवणारी.

आमच्या समोर टेकाडावर देऊळ होतं, चुना लावलेलं, बारक्या पायऱ्यांचं. मी येताना पायातल्या वहाणा काढून त्याला नमस्कार केला होता. वारा समुद्राकडून त्याच्या दिशेनं वाहत होता.

"साहेब," मी हळूच म्हटलं, "त्या देवळाच्या वरच्या पायरीवर उभे राहा. तिथून वरच्या आळीपर्यंत नीट ऐकू जातं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बूट काढले आणि पायऱ्या चढू लागले.